उन्हाचा पंचनामा होत नाही

अतिवृष्टी झाली की तलाठी बांधावर येतो. गारपीट झाली की लोकप्रतिनिधी येतात, त्यांच्या पाठोपाठ छायाचित्रकार येतात आणि पंधरवड्याने का होईना, पंचनामे सुरू होतात. किती हेक्टर क्षेत्र बाधित झाले, किती घरांची पडझड झाली, किती जनावरे दगावली याचा तक्ता जिल्हाधिकारी कार्यालयातून मंत्रालयात जातो आणि त्यावरून मदतीचा आकडा ठरतो. विदर्भात मात्र दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर येथे पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो, दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात, ठिय्यावर उभा राहिलेला गवंडी आणि बिगारी काम न मिळताच घरी परततो. या नुकसानीचा तक्ता कोणत्याही कार्यालयात तयार होत नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फक्त पाऱ्याचा आकडा येतो.

हा आकडादेखील कधी कधी वाचकांची करमणूक करून जातो. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने तब्बल ५६ अंशांची नोंद केली आणि देशभर खळबळ उडाली. संवेदकात बिघाड असल्याचे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केले. त्याच आठवड्यात दिल्लीच्या मुंगेशपूर केंद्राची ५२.९ अंशांची नोंदही अशीच फसवी ठरली. या दोन चुकांवर जेवढी चर्चा झाली, तेवढी त्या आठवड्यात बुडालेल्या मजुरीवर झाली नाही.

तरीही उन्हाची किंमत मोजण्याचे प्रयत्न झालेले नाहीत, असे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०३० पर्यंत उष्णतेमुळे जगातील एकूण कामाच्या तासांपैकी २.२ टक्के तास वाया जातील. ही हानी आठ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांएवढी असून तिचे मूल्य २,४०० अब्ज डॉलर होते. त्यापैकी ३ कोटी ४० लाख नोकऱ्यांएवढी हानी एकट्या भारताच्या वाट्याला येईल, असे या अहवालात म्हटले आहे. भारतातील कामाच्या तासांचे नुकसान १९९५ मध्ये ४.३ टक्के होते, ते २०३० मध्ये ५.८ टक्क्यांवर जाईल. रिझर्व्ह बँकेनेही २०२२-२३ च्या चलन व वित्तविषयक अहवालात हा विषय घेतला. उष्णता आणि दमटपणामुळे बुडणाऱ्या श्रमतासांपायी २०३० पर्यंत देशाच्या सकल उत्पन्नाचा साडेचार टक्क्यांपर्यंतचा हिस्सा धोक्यात येऊ शकतो, असा इशारा त्यात होता. मध्यवर्ती बँकेने व्याजदर आणि महागाईच्या बरोबरीने उन्हाची दखल घ्यावी, ही गोष्ट वीस वर्षांपूर्वी कोणाला खरी वाटली नसती.

‘लॅन्सेट काउंटडाउन’च्या ताज्या आकडेवारीनुसार, २०२४ मध्ये भारतात उष्णतेपायी सुमारे २४,७०० कोटी संभाव्य श्रमतास बुडाले. माणशी हे प्रमाण ४१९ तास पडते आणि बुडालेल्या संभाव्य उत्पन्नाचा अंदाज १९,४०० कोटी डॉलर आहे. दिवसाला आठ तास धरले, तर प्रत्येक कामकरी माणसाचे वर्षाकाठी ५२ दिवस गेले, असा याचा अर्थ होतो. यातील दोन तृतीयांश तास शेतीतील आणि सुमारे एक पंचमांश बांधकामातील आहेत.

या आकड्यांकडे थोडे जपून पाहावे लागते. ‘संभाव्य’ हा शब्द त्यात महत्त्वाचा आहे. हे तास कोणी हजेरीपटावरून मोजलेले नाहीत. ठरावीक उष्णतेत माणसाची कामाची क्षमता किती घटते, या गणितातून ते काढलेले आहेत. प्रत्यक्षात बांधकामावरचा मजूर दुपारी सावलीत बसतो आणि पहाटे पाचला काम सुरू करून काही तास भरून काढतो. शेतमजूर तर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला आहे. त्यामुळे खरे नुकसान या आकड्यांपेक्षा कमी असू शकते. उलट बाजूही आहे. जो माणूस ऊन अंगावर घेऊन आठही तास राबला, त्याचा तास या हिशेबात बुडलेला दिसला तरी त्याच्या हातात पूर्ण मजुरी येते. मात्र त्या मजुरीतून रात्री सलाइनचे आणि दवाखान्याचे पैसे जातात, आणि ते या हिशेबात येत नाहीत.

पारा आणि घाम

उष्णतेचे अर्थकारण समजण्यासाठी आधी शरीराचे थोडे गणित लक्षात घ्यावे लागते. काम करताना शरीरात उष्णता निर्माण होते आणि घामाच्या बाष्पीभवनाने ती बाहेर पडते. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, तो नुसता ओघळतो. म्हणूनच श्रमशास्त्रात केवळ पाऱ्याऐवजी तापमान, आर्द्रता, ऊन आणि वारा या चारही घटकांचा एकत्रित निर्देशांक वापरला जातो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मते, हा निर्देशांक २४ ते २६ अंशांच्या पुढे गेला की कामाचा वेग मंदावू लागतो आणि ३३-३४ अंशांवर मध्यम कष्टाचे काम करणाऱ्याची क्षमता निम्म्यावर येते.

चंद्रपूरच्या ४५ अंशांइतकेच मुंबई-ठाण्याचे ३८ अंश घातक ठरू शकतात, ते यामुळेच. हवामान खात्याच्या निकषांनुसार मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असेल आणि ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असेल, तर उष्णतेची लाट मानली जाते. किनारपट्टीसाठी ही मर्यादा ३७ अंशांची आहे. नवी मुंबईत खारघर येथे १६ एप्रिल २०२३ रोजी ‘महाराष्ट्र भूषण’ पुरस्कार सोहळ्यानंतर १४ जणांचा उष्माघाताने बळी गेला, तेव्हा परिसरातील पारा ३८ अंशांच्या आसपास होता. मोकळ्या मैदानात काही तास बसून राहणे, एवढेच त्या लोकांनी केले होते. त्याच उन्हात त्याच शहरात डोक्यावर घमेली वाहणाऱ्यांना तर आठवड्यातून सहा दिवस काम करावे लागते. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली. कामावर असताना ऊन लागून मरण पावणाऱ्याच्या घरी अशी मदत पोहोचेलच, याची खात्री कोणी देत नाही.

ऊन हा फक्त उघड्यावर काम करणाऱ्यांचा प्रश्न आहे, हा शहरी वाचकाचा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशभरातील कारखान्यांची आकडेवारी तपासली. वार्षिक तापमान एक अंशाने वाढले, तर कारखान्यांचे उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. कापड विणणारे, कपडे शिवणारे आणि पोलादाचे कारखाने त्यांनी जवळून पाहिले. वातानुकूलन असलेल्या शिवणकाम विभागात उन्हाळ्यातही कामाचा वेग कमी झाला नाही. पण गैरहजेरी मात्र थांबली नाही. याचे कारण सरळ आहे. कारखाना थंड केला तरी कामगार ज्या खोलीत झोपतो, ती तापलेल्या पत्र्याखालीच असते. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही, की सकाळची पाळी चुकते. नुकसान मालकाच्या खात्यात दिसते आणि त्याचे मूळ मात्र कामगाराच्या वस्तीत असते.

उपाय नेहमी खर्चिकच असतात असे मात्र नाही. बंगळुरूच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांत विजेची बचत म्हणून जुन्या ट्यूबलाइटच्या जागी एलईडी दिवे बसवण्यात आले. हे दिवे कमी तापतात. त्यामुळे शिवणयंत्रांजवळचे तापमान सुमारे २.४ अंशांनी उतरले आणि उन्हाच्या दिवसांतील उत्पादन सुधारले. अच्युत अध्वर्यू, नम्रता कला आणि अनंत न्यषधम या संशोधकांच्या हिशेबानुसार, नुसत्या वीजबचतीतून दिव्यांचा खर्च फिटायला काही वर्षे लागली असती. वाढलेले उत्पादन धरले तर तो काही महिन्यांतच वसूल झाला. मालकाने दिवे बसवले ते विजेच्या बिलाकडे पाहून, उन्हाचा विचार त्याच्या मनातही नव्हता.

गव्हाचे एक वर्ष

उन्हाची झळ शेतातून स्वयंपाकघरापर्यंत कशी पोहोचते, याचे ठळक उदाहरण म्हणजे २०२२ चे साल. त्या वर्षीचा मार्च महिना १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. पंजाब, हरयाणा, उत्तर प्रदेशात त्या वेळी गव्हाच्या ओंब्यांत दाणा भरत होता. या टप्प्यावर पारा अचानक चढला की दाणा पुरता भरण्याआधीच पीक पिकते आणि हाती बारीक, सुरकुतलेला गहू येतो. केंद्र सरकारने फेब्रुवारीत ११ कोटी १३ लाख टन गव्हाचा अंदाज वर्तवला होता, तो मे महिन्यात १० कोटी ६४ लाख टनांवर आणावा लागला.

टक्केवारीने ही घट फार मोठी नव्हती, पण वेळ वाईट होती. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्याने जगभर गव्हाचे भाव भडकले होते आणि भारत ही पोकळी भरून काढेल, असे दिल्लीत बोलले जात होते. व्यापारी २,०१५ रुपये क्विंटल या हमीभावापेक्षा जास्त दर देत असल्याने शेतकऱ्यांनी सरकारी केंद्रांकडे पाठ फिरवली. आदल्या हंगामात ४३३ लाख टन गहू खरेदी करणाऱ्या सरकारला त्या हंगामात १८८ लाख टनांच्या आसपासच गहू मिळाला. अखेर १३ मे रोजी निर्यातबंदी आली आणि बंदरांवर मालमोटारींच्या रांगा लागल्या. काही राज्यांत रेशनवर गव्हाचा वाटा कमी करून तांदूळ वाढवण्यात आला. सरकारी खरेदी कोसळण्यास युद्ध आणि बाजार हे दोन्ही कारणीभूत होते, हे खरे. पण निर्यातीच्या घोषणा करणाऱ्या देशाला महिनाभरात दारे बंद करावी लागली, ती मार्चमधील त्या काही आठवड्यांच्या उन्हामुळे. त्यात शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान झाले. उतारा घटला आणि चढ्या भावाचा लाभही अर्ध्यावर सुटला. निर्यातबंदीमुळे शहरी ग्राहकाचे पीठ काही काळ आवाक्यात राहिले, हे मान्य करावे लागते. उन्हाचा खर्च कोणी उचलायचा, याचा निर्णय सरकारे अशा पद्धतीने, त्याला उन्हाचे नाव न देता, घेत असतात.

त्याच एप्रिलमध्ये वीजही पणाला लागली. २९ एप्रिल २०२२ रोजी देशातील विजेची कमाल मागणी २ लाख ७ हजार मेगावॅटवर गेली. औष्णिक केंद्रांतील कोळसा आटत चालला होता. कोळशाच्या मालगाड्यांना वाट मोकळी करून देण्यासाठी प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द झाल्या. दोन वर्षांनी, ३० मे २०२४ रोजी ही मागणी अडीच लाख मेगावॅटवर पोहोचली. मागणीच्या या वाढीत उद्योगांचाही वाटा आहे, पण उन्हाळ्यात ती शिखरावर नेतात ते पंखे, कूलर आणि वातानुकूलन यंत्रे. महाराष्ट्रात महागड्या दराने घेतलेल्या विजेचा भार इंधन समायोजन आकाराच्या रूपाने ग्राहकांच्या बिलावर येतो. घरात कूलर असलेल्याने आणि नसलेल्याने दोघांनीही तो भरायचा असतो. औष्णिक केंद्रांना पाणीही लागते आणि ते उन्हाळ्यातच कमी असते. परळीचे केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते, ही आठवण मराठवाड्यात अजून ताजी आहे.

भाजीपाल्याची गोष्ट याहून साधी आहे. जून २०२४ मध्ये भाज्यांचा महागाई दर २९ टक्क्यांवर गेला, त्यामागच्या कारणांत त्या उन्हाळ्यातील दीर्घ लाटांचाही वाटा होता. टोमॅटोची फुलगळ, संत्र्याच्या आंबिया बहाराची फळगळ, आटलेले दूध या सगळ्याची बेरीज मंडईतल्या पिशवीत होते.

सूचना आहेत, सक्ती नाही

या सगळ्यावर सरकारी यंत्रणा काहीच करत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मे २०१० मध्ये अहमदाबादेत आलेल्या लाटेत नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या महापालिकेने उष्णता कृती आराखडा तयार केला. दक्षिण आशियातील हा पहिला आराखडा. आगाऊ इशारे, डॉक्टरांचे प्रशिक्षण, पाणपोया, रुग्णालयांत सज्जता असे त्याचे साधे स्वरूप होते. त्यामुळे वर्षाला सरासरी हजाराहून अधिक मृत्यू टळल्याचा अंदाज नंतरच्या अभ्यासात मांडला गेला. महाराष्ट्रात नागपूरने २०१६ मध्ये हा मार्ग धरला आणि पुढे इतर शहरेही त्यात आली.

दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्च या संस्थेने २०२३ मध्ये देशातील असे ३७ आराखडे तपासले. केवळ दोन आराखड्यांत कोणत्या वस्तीला सर्वाधिक धोका आहे, याची पाहणी होती आणि पैसा कोठून येणार, याचा उल्लेख फक्त ११ आराखड्यांत होता. या अकरांपैकी बहुतेकांनी संबंधित खात्यांनी आपापल्या तरतुदीतून खर्च करावा, असे सांगून विषय संपवला होता. ज्यांना सरकारी कागदांची भाषा कळते, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

निधीचे दुखणे आणखी वरचे आहे. आपत्ती निवारण निधीसाठी केंद्राने अधिसूचित केलेल्या बारा आपत्तींच्या यादीत थंडीची लाट आणि दव होते, कीडरोग होता. उष्णतेची लाट मात्र वर्षानुवर्षे नव्हती. पंधराव्या वित्त आयोगाने ही यादी वाढवण्याची गरज नसल्याचे मत दिले. राज्य स्तरावर आपत्ती जाहीर करून निधीच्या दहा टक्क्यांपर्यंतची रक्कम वापरण्याची मुभा होती. ओडिशा, केरळ यांनी ती आधी वापरली. तामिळनाडूने २०२४ मध्ये आणि तेलंगणने २०२५ मध्ये मृतांच्या वारसांना चार लाख रुपयांची तरतूद केली. या मदतीसाठी मृत्यू उष्माघातानेच झाला, हे सिद्ध व्हावे लागते. ऊन लागल्याने हृदयविकार बळावून गेलेल्याच्या प्रमाणपत्रावर हृदयविकारच लिहिला जातो.

कामाच्या वेळेचा प्रश्न तर सूचनांच्या पलीकडे गेलेला नाही. केंद्रीय श्रम मंत्रालय उन्हाळ्याच्या तोंडावर राज्यांना पत्र पाठवते: कामाच्या वेळा बदलाव्यात, पिण्याचे पाणी आणि सावली द्यावी. १९४८ च्या कारखाने कायद्यातही कामाच्या जागेच्या तापमानाविषयी तरतूद होती. पण ती चार भिंतींच्या आतल्या कामासाठी. रस्त्यावर डांबर ओतणारा, घरोघरी पार्सल पोहोचवणारा किंवा बाजार समितीतला हमाल या तरतुदीच्या बाहेरच राहिला. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीन उघड्यावर काम करण्यास कायद्याने बंदी आहे आणि उष्णतेचा निर्देशांक ३२.१ अंशांपुढे गेला तर केव्हाही काम थांबवावे लागते. आखातातील कामगारांच्या परिस्थितीविषयी टीका करण्यासारखे पुष्कळ आहे. तरीही दोहामध्ये काम करणाऱ्या भारतीय मजुराला जी सक्तीची विश्रांती मिळते, ती त्याच्या नागपुरातील भावाला मिळत नाही.

अर्थात नुसती विश्रांती देऊन भागत नाही, ती भरपगारी असावी लागते. मे २०२४ मध्ये दिल्लीच्या नायब राज्यपालांनी बांधकाम मजुरांना दुपारी बारा ते तीन सुट्टी द्यावी आणि त्या वेळेची मजुरी कापू नये, असे आदेश दिले, तेव्हा त्यातला दुसरा भागच महत्त्वाचा होता. जो कामाच्या नगावर पैसे घेतो, त्याला मात्र या आदेशाचाही उपयोग नाही. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियात तेंदूपत्त्याचा हंगाम नेमका एप्रिल-मेमध्ये येतो आणि मोबदला पुड्यांच्या संख्येवर ठरतो. वीटभट्टीवर हजार विटांमागे दर असतो. अशा ठिकाणी दुपारी सावलीत बसायचे म्हणजे स्वतःच्या खिशातून बसायचे. आंध्र प्रदेश आणि तेलंगणात काही वर्षे रोजगार हमीच्या मजुरांना उन्हाळी महिन्यांत भत्ता मिळत असे. उन्हात खोदकाम कमी होते, हे मान्य करून कमी कामावर पूर्ण मजुरी, असा त्यामागचा विचार होता. दुष्काळात रोजगार हमीची कल्पना ज्या राज्याने देशाला दिली, त्या महाराष्ट्राने हे सूत्र आपल्या मजुरांसाठी उचलले असते, तर ते शोभून दिसले असते.

विम्याचा एक प्रयोग या संदर्भात उल्लेखनीय आहे. ‘सेवा’ या महिला कामगारांच्या संघटनेने २०२३ मध्ये गुजरातेत २१ हजार सभासदांसाठी उष्णता विमा सुरू केला. नुकसान सिद्ध करण्याची अट नाही. तापमान ठरावीक मर्यादेपुढे सलग राहिले की पैसे थेट खात्यात. पहिल्या वर्षी ही मर्यादा इतकी उंच ठेवली गेली की कोणालाच काही मिळाले नाही. २०२४ मध्ये रचना बदलली. गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातील ५० हजार महिलांना त्यात घेतले गेले आणि पारा ४० अंशांवर गेला की आधी ४०० रुपयांची रोख मदत देण्याचे ठरले. विम्याची भरपाई ४६ हजारांहून अधिक महिलांपर्यंत पोहोचली. चारशे रुपये म्हणजे एखाद्या दिवसाची मजुरी. उन्हाळा तीन महिन्यांचा असतो आणि हप्त्याचा मोठा भाग संघटनेला व देणगीदारांना उचलावा लागतो, हेही ध्यानात घ्यावे लागेल.

तापमानावर आधारलेल्या भरपाईची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. हवामान आधारित फळपीक विमा योजनेत जळगाव जिल्ह्यातील केळीबागांना उन्हाळ्यातील जादा तापमानापासून संरक्षण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा सलग काही दिवस ठरलेल्या अंशांपुढे गेला, तर पंचनाम्याविना भरपाई देय होते. त्यासाठी राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत. रावेर, यावल भागात केळीचा शेतकरी भरपाईसाठी रोज सायंकाळी आपल्या मंडळाचा पारा पाहतो. त्याच बागेत दिवसभर घड तोडून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणाऱ्या मजुराच्या मजुरीशी त्या केंद्रावरील नोंदीचा अद्याप काहीही संबंध जोडण्यात आलेला नाही.